गोंगाटात पल्सार शोधताना उंबरठा कसा ठरवावा

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत बहुतेक पल्सारचा, म्हणजे फिरताना ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, सुटा ठोका दिसतच नाही. तो गोंगाटात पार बुडालेला असतो. हाती लागते ती त्याची नियमितता. म्हणून नोंदींचे फूरिए रूपांतर करून, म्हणजे त्या वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत गणिताने विभागून, प्रत्येक वारंवारतेची शक्ती काढतात आणि उठून दिसणारी शिखरे तपासतात. किती उंचीचे शिखर ग्राह्य धरायचे, हे मात्र आलेख पाहण्याआधीच लिहून ठेवावे, कारण शिखर पाहून ठरवलेला निकष त्या शिखराच्या बाजूनेच झुकतो.

शून्य गृहीतक असे मांडावे: या नोंदींत गोंगाटाखेरीज काहीही नाही. कमी वारंवारतांकडे गोंगाट चढत जातो, त्यामुळे प्रत्येक शक्तीला आसपासच्या शक्तींच्या सरासरीने, किंवा त्याहून बरे म्हणजे मध्यकाला ०.६९३ ने भागून येणाऱ्या संख्येने, भागून घ्यावे. मध्यक बरा, कारण एखाद्या खऱ्या शिखराने तो फुगत नाही. यानंतर निव्वळ गोंगाटातील शक्ती घातांकी वितरण पाळते आणि एखाद्या ठिकाणी ती १० च्या वर जाण्याची संभाव्यता सुमारे २२,००० त एक इतकी उरते.

ही संभाव्यता नगण्य वाटते आणि नेमकी इथेच फसगत होते. दर मिलिसेकंदाला एक याप्रमाणे दहा मिनिटांत ६,००,००० नोंदी होतात आणि त्यांतून ३,००,००० वारंवारता तपासल्या जातात. म्हणजे पल्सार नसतानाही १० च्या वरची तेरा-चौदा शिखरे योगायोगानेच मिळणार. संपूर्ण शोधात खोट्या इशाऱ्याची शक्यता एक टक्का ठेवायची असेल, तर वारंवारतांच्या संख्येला ०.०१ ने भागून भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा. उंबरठा १७.२ येतो. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातील इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी उशिरा पोहोचतात. हा विलंब आधी ठाऊक नसल्याने त्याची २०० मूल्ये लावून पाहिली, तर उंबरठा २२.५ वर जातो. शेजारच्या मूल्यांचे निकाल एकमेकांशी निगडित असल्याने तो थोडा कडक ठरतो, पण शोधाच्या टप्प्यावर कडकपणाच मला योग्य वाटतो.

शून्य गृहीतक फेटाळले गेले म्हणजे पल्सार सापडला असे नाही. विजेच्या तारांचे ५० हर्ट्झही तेवढ्याच ठामपणे उंबरठा ओलांडतात. शिखर शून्य विलंबालाच सर्वांत उंच असेल, तर उगम बहुधा पृथ्वीवरचाच समजावा.

उरलेल्या उमेदवारासाठी नव्याने निरीक्षण घ्यावे. आता त्याच विलंबाला, जवळच्या शंभरेक वारंवारताच पाहायच्या असल्याने ९.२ चा उंबरठा पुरतो. दुसरी चूक, म्हणजे खरा पल्सार हातचा निसटणे, मोजण्यासाठी खऱ्या नोंदींत ज्ञात तीव्रतेचे कृत्रिम ठोके मिसळावेत आणि त्यांपैकी किती उंबरठा ओलांडतात ते प्रत्येक तीव्रतेसाठी नोंदवावे.