साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननंतर काय घ्यावं?

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या आणि घरातलं व्होल्टेज १९० वर आलं, की डाख द्यायचा साधा आयर्न रुसतो. त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० ला २५ वॅट, तर १९० ला जेमतेम १७. डाख पसरत नाही, मग बिट (आयर्नचं टोक) दाबून धरलं जातं आणि पीसीबीवरची, म्हणजे सर्किट बोर्डवरची, तांब्याची पट्टी उचलून येते.

यावर ६० वॅटचा साधा आयर्न घेणं हा उपाय नाही. पूर्ण व्होल्टेजला तो नाजूक काम जाळेल. तापमान स्वतः सांभाळणारा घ्या. व्होल्टेज पडलं तरी तो फार तर उशिरा तापतो.

९३६ प्रकारचं स्टेशन (तापमान लावायचा डबा आणि त्याला जोडलेला आयर्न) स्वस्त पडतं, पण त्यातलं बिट हीटरवर टोपीसारखं बसतं. मधल्या फटीत उष्णता अडते, त्यामुळे ग्राउंडच्या जाड पट्टीवर ते थंडावतं. टी१२ प्रकारात हीटर आणि सेन्सर बिटच्या पोटातच असतात. हा हीटर साधारण ८ ओहमचा. २४ व्होल्टला सुमारे ७० वॅट, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या जुन्या अडॅप्टरवर ४५ वॅट. छंदाला ४५ भरपूर झाले. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र १८ च उरतात.

अडॅप्टर तीन पिनांचाच हवा. प्लग काढून मल्टिमीटरने बिट आणि अर्थ पिन यांच्यामधला रोध मोजा. २ ओहमच्या आत असावा. तुटकी अर्थिंग असली तर मॉसफेटसारखे नाजूक ट्रान्झिस्टर गुपचूप मरतात. जुन्या घरात सॉकेटच्या अर्थला वायरच जोडलेली नसते, तेही तपासा.

सुईसारखं टोकदार बिट दिसायला छान, कामाला वाईट, कारण टेकतं एवढंसंच. २.४ मिमी चपटं (डी२४) घ्या, निम्मं-अधिक काम त्यावरच होतं. ६०/४० ची (कथील-शिशाची) ०.८ मिमी फ्लक्सवाली डाखाची वायर १८३ ते १९० अंशांत वितळते; आयर्न ३२० ते ३४० वर ठेवा, मोटारीच्या स्टार्टरच्या जाड लगला (वायरच्या टोकाच्या जोडपट्टीला) ३८०. एका जोडाला दोन-तीन सेकंद पुरतात. मे महिन्यात कूलरचा झोत टेबलावर घेऊ नका, जोड तापायला वेळ लागतो. उकडलं तर उकडलं.

बिटला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. जुनं नुसत्या तांब्याचं बिट घासलेलं चालायचं; आताच्यावर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की डाख तांबं खातो आणि टोकाला खड्डा पडतो. काम संपल्यावर टोकाला डाखाचा थेंब देऊन, कल्हईसारखा थर तसाच ठेवून मगच बटण बंद करा.