महाविद्यालयात शाश्वत रचनेचे प्रदर्शन आणि जाहीर व्याख्यान कसे भरवावे

शाश्वत रचना म्हणजे कमी साधनांत भागणारी, निसर्गावर भार न टाकणारी रचना. सांगलीत तिच्या प्रदर्शनासाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. जागा तळमजल्यावरची घ्या. कारण पुढे येईलच. प्रदर्शन सकाळी ११ ला उघडा आणि व्याख्यान संध्याकाळी ठेवा. लोकांनी आधी वस्तूंना हात लावला की प्रश्न नेमके येतात. नुसती पोस्टर्स लावली तर माणसे पाच मिनिटांत फिरून बाहेर पडतात.

पहिली वस्तू इथल्याच मातीतली हवी. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवायची कोठारे घ्या: जमिनीत खोदलेली, तोंड अरुंद, पोट मोठे. हळद त्यात भरून तोंड बंद करायचे. वीज लागत नाही, पत्रा लागत नाही. २००५ च्या महापुराने त्यातली पुष्कळ पेवे निकामी केली, हेही फलकावर लिहा. रचना कशाने टिकते आणि कशाने मोडते, हे दोन्ही पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

पेवाचा छेद माठातून दाखवता येतो. माठ रात्रभर पाण्यात भिजवा आणि हॅक्सॉने (लोखंड कापायच्या करवतीने) सावकाश उभा कापा; कोरडा माठ तडकतो. समोर काच असलेल्या लाकडी खोक्यात अर्धा माठ असा ठेवा, की कापलेली कड काचेला टेकेल. मागे किंचित ओलसर, चाळलेली माती दोन-दोन इंचांच्या थरांनी ठोकून दाबा. एकदम ओतली तर माठ सरकतो, फट पडते आणि माती आत गळते. शेवटी तोंडातून हळकुंडे सोडा. खरे पेव दाखवायला नेलेत, तरी कुणाला आत उतरवू नका. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, जिवावर बेतू शकते.

दुसरी वस्तू म्हणजे शेजारी शेजारी दोन भिंती, प्रत्येकी ३ फूट बाय ३ फूट, ९ इंच जाडीच्या. एक नेहमीची. दुसरी रॅट-ट्रॅप बाँडची, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवलेली; वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पद्धत. प्रत्येक भिंतीला ९० विटा मोजून द्या आणि दुसरीच्या उरतील त्या तिच्याच पायाशी रचून ठेवा. तो ढीग कुठल्याही आलेखापेक्षा जास्त बोलतो. मोठ्या भिंतीत बचत साधारण २५ टक्के असते. नमुन्यात खालचा-वरचा थर भरीव ठेवावा लागतो, म्हणून कमी दिसते. तसे स्पष्ट लिहा. गवंड्याचा हात नवा असेल तर गारा, म्हणजे विटा जोडायचा चिखल, पोकळीत पडतो आणि पोकळीचा उपयोगच संपतो. गारा पसरताना पोकळीवर लाकडी पट्टी धरायला सांगा. सगळे वजन अर्ध्या टनावर जाते, म्हणून तळमजला. खाली गोणपाट अंथरा.

फलक फ्लेक्सचे नकोत. मांजरपाटावर गेरूने लिहा, गेरूत डिंक जरूर घाला. नाहीतर हात लागताच अक्षरे पुसतात. फलकाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा.

वक्त्याला ४० मिनिटे, प्रश्नांना ३०. खर्च किती आला, काय मोजले, काय फसले, हे त्यांना आधीच विचारून ठेवा. भिंत बांधणारा गवंडीही मंचावर हवा. बारीक प्रश्न त्यालाच येतात. सत्कार पाच मिनिटांत उरका. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावा, कारण पाचच्या उन्हात प्रोजेक्टरवर काही दिसत नाही.

भिंतींना सिमेंट वापरू नका, मातीचा गारा वापरा. दुसऱ्या दिवशी विटा धुतल्या की जिथून आणल्या तिथे परत जातात.