मानेत सरकलेला काटा काढताना

माशाचा काटा गिळल्याचं रुग्ण ठामपणे सांगतो, एन्डोस्कोपीत काहीच दिसत नाही, तरी दोन दिवसांनीही तो त्याच जागी बोट ठेवतो. अशा रुग्णाला ‘ओरखडा असेल’ म्हणत घरी पाठवू नका. बारीक, सरळ, टोकदार काटा घशाची किंवा अन्ननलिकेची भिंत भेदून मानेत शिरू शकतो.

एक्स-रे स्वच्छ दिसला म्हणजे काटा नाही असं नव्हे. 1 मिमी कापांचा सीटी स्कॅन करा: आधी कॉन्ट्रास्टशिवाय (स्कॅनवर उठून दिसणारं औषध), मग रक्तवाहिन्यांसाठी कॉन्ट्रास्ट देऊन. त्याआधी बेरियम पाजू नका, काटा त्यात झाकला जातो. काट्याची लांबी, दिशा, कॅरोटिडपासूनचं (मानेतली मोठी धमनी) अंतर आणि क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालचं कूर्चेचं कडं) तुलनेत पातळी लिहून ठेवा. स्कॅन जुना झाला असेल तर परत करा. गिळताना काटा सरकतो.

भूल दिल्यावर आधी रिजिड स्कोपने (न वाकणारी दुर्बीण) घसा आणि अन्ननलिका पाहा. टोक आत डोकावत असेल तर चिरा वाचतो. नाहीतर खांद्याखाली उशी, मान विरुद्ध बाजूला. इथेच बरेचजण फसतात: मान ताणली की स्कॅनमधली पातळी बदलते. त्वचेवर सुई ठेवून सी-आर्मखाली (ऑपरेशन टेबलावरचं एक्स-रे यंत्र) जागा पुन्हा ठरवा. काटा त्यात दिसत नसेल तर सोनोग्राफी.

क्रिकॉइडच्या पातळीवर आडवा चिरा घ्या. स्टर्नोमास्टॉइड (मानेच्या बाजूचा स्नायू) आणि कॅरोटिड शीथ (कॅरोटिडभोवतीचं आवरण) बाहेरच्या बाजूला, थायरॉइड आतल्या बाजूला ओढा. मधली थायरॉइड शीर बांधून कापली की जागा मोकळी होते. रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, म्हणजे स्वरयंत्राची नस, आधी ओळखा. बोटाने चाचपडू नका: काटा मोडतो, खोल जातो किंवा ग्लोव्हमधून टोचतो. लालसर, सुजलेल्या ग्रॅन्युलेशनचा (जखमेभोवती वाढणारी नवी ऊती) माग काढा, काटा बहुधा तिथेच असतो. सापडला की त्याच्याच रेषेत ओढा, आडवा नको. कॅरोटिडला टेकलेला असेल तर वर-खाली वाहिनीवर ताबा मिळवल्याशिवाय हात लावू नका.

बाहेर आलेला काटा पट्टीवर मोजा. स्कॅनवर 24 मिमी आणि हातात 15 असेल, तर उरलेला तुकडा आतच आहे.

जखमेत सलाइन भरून अन्ननलिकेत हळू हवा सोडा. बुडबुडे आले तर छिद्र शिवा आणि राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घाला. पू असेल तर कल्चरला पाठवा, जखम धुवा, ड्रेन ठेवा. छिद्र शिवलेल्या रुग्णाला तोंडाने काही देण्याआधी पाण्यात विरघळणाऱ्या कॉन्ट्रास्टने गळती तपासा. मधल्या काळात ताप, छातीत दुखणं किंवा त्वचेखाली करकर जाणवली तर छातीचाही स्कॅन लगेच.