शाळेतल्या वाचन प्रकल्पासाठी निधी मागताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी

शैक्षणिक संस्थेत नव्याने रुजू झालं की लवकरच प्रस्ताव लिहायचं काम अंगावर येतं. तालुक्यातल्या दहा जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथीची मुलं, एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने सामाजिक कामासाठी खर्चायचा पैसा. प्रस्तावात पहिली ओळ पडते ती पुस्तकांची आणि दुसरी कपाटाची. इथेच थांबून विचार करा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायला हवं, सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून प्राथमिक शाळांना ग्रंथालयासाठी अनुदानही मिळतं. म्हणजे बऱ्याच शाळांत पुस्तकं आधीच आहेत. पण ती कुलपात आहेत, कारण साठा नोंदवहीत चढलेलं पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, ही मुख्याध्यापकांची भीती खरी आहे. देणगीच्या पैशाने हे कुलूप निघालं पाहिजे, आणि त्यासाठी पैसा लागतो तो मुख्यतः माणसाच्या वेळेसाठी.

हिशेब असा मांडून बघा. प्रत्येक शाळेत ६० मुलं धरली आणि मुलामागे ४ पुस्तकं धरली, तर शाळेला २४० पुस्तकं. सरासरी ७० रुपये किंमत धरली तर १६,८०० रुपये, दहा शाळांचे १,६८,००० रुपये. आता माणूस. रोज दोन शाळा, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे गोष्टीचा तास घेणारा एक वाचन कार्यकर्ता दहा शाळांत आठवड्यातून एकदा पोचतो. महिना १८,००० मानधन आणि ३,००० पेट्रोल धरलं तर वर्षाचे २,५२,००० रुपये. पुस्तकं ठेवायच्या कापडी खणांसाठी २०,०००, शिक्षकांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला २५,०००, हरवलेल्या-फाटलेल्या पुस्तकांसाठी पुस्तकखर्चाच्या दहा टक्के म्हणजे १६,८००, चाचण्यांच्या छपाईला ८,२००. बेरीज ४,९०,००० रुपये. ६०० मुलांमागे साधारण ८१७ रुपये प्रति मूल. यातला निम्म्याहून जास्त खर्च माणसावर आहे. कंपनीचा अधिकारी नेमकी तीच ओळ कापायला सांगतो, कारण कपाटावर नाव रंगवता येतं, गोष्टीच्या तासावर येत नाही. तिथे ठाम राहा. कापायचंच असेल तर शाळा दहाच्या आठ करा, पण कार्यकर्ता काढू नका.

हरवलेल्या पुस्तकांची तरतूद प्रस्तावात उघडपणे लिहा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तसा ठराव करून घ्या: वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत पुस्तकं हरवली-फाटली तर संस्था बदलून देईल, शिक्षकांकडून वसुली होणार नाही. हा एक कागद हातात आला की मुख्याध्यापक किल्ली काढून देतात.

वर्गात कपाटाऐवजी कापडी खणांची पट्टी लावा. मुलाच्या छातीच्या उंचीवर दोरीला टांगलेली, प्रत्येक खणात मुखपृष्ठ समोर दिसेल असं एकच पुस्तक. कणा बाहेर करून रचलेल्या पुस्तकांतून पहिलीचं मूल पुस्तक निवडू शकत नाही. खरेदीत मध्ये पिन मारलेली १६ ते २४ पानी पुस्तकं जास्त घ्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी पावसाळ्यात सुटते. कण्यावर आल्या आल्या पारदर्शक चिकटपट्टी लावा. देवघेवीच्या वहीत चारच रकाने ठेवा: मुलाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. ही वही तिसरी-चौथीच्या मुलांनीच भरावी. घरी पुस्तक जाणं हा या प्रकल्पाचा प्राण आहे.

नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीत काम असेल तर लहान मुलांच्या घरात पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलली जाते. तिथे फक्त प्रमाण मराठीतली पुस्तकं देऊन उपयोग होत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्यात आहेत. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करता येतं, छापताही येतं. भाषांतर आणि छपाईचा खर्च वेगळा दाखवा.

आता पैशाचं वेळापत्रक. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ (निव्वळ मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. वर्ष संपतं ३१ मार्चला, म्हणून पैसे सुटतात ते अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुस्तकं येतात तेव्हा शाळेला सुट्टी असते. यावर उपाय एकच: प्रकल्प बहुवार्षिक म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामाला वापरता येते. संस्थेची आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आधी तपासा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ शिवाय कंपनी संस्थेमार्फत असं काम करून घेऊ शकत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींची मदत येणार असेल तर आणखी जपा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदानात मोडत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची मोडते. त्यासाठी विदेशी योगदान नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं लागतं, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

मोजमाप साधं ठेवा. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी सर्वेक्षणाची पद्धत पुरेशी आहे: आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद द्या, जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्द पातळीवर. मूल एकेक शब्द तोडून वाचत असेल तर परिच्छेद जमला असं धरू नका. नव्या तपासनिसाची चूक सगळ्यात जास्त इथेच होते. पायाभूत, म्हणजे सुरुवातीची चाचणी जूनमध्ये घेऊ नका, जुलैत हजेरी स्थिरावली की घ्या. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबं निघतात. त्यांची मुलं वर्षअखेरच्या चाचणीत नसतात. दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचाच तक्ता तुलनेला वापरा आणि स्थलांतरित मुलांची संख्या शेजारी स्वतंत्र लिहा. सरासरीत ती झाकली तर अहवाल छान दिसतो, पण पुढच्या वर्षी त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहात पुस्तकपेटी मागायला तुमच्या हातात आकडाच राहत नाही.