उजळाईवाडी ते सांबरा: निघण्याआधी

कोल्हापूरला उतरून बेळगावहून पुढचं विमान पकडायचं, किंवा त्याच्या उलट, असा बेत असेल तर तिकीट काढण्याआधीच वेळेचा हिशेब मांडा. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, बेळगावचा सांबऱ्याला; दोन्हींमधलं हवाई अंतर जेमतेम ९५ किलोमीटर, रस्त्याने ११० च्या आसपास. मोकळ्या रस्त्याला दोन-सव्वादोन तास पुरतात, तरी तीन धरा. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे बाराला उजळाईवाडीत उतरलात, सामान हातात यायला अर्धा तास गेला, तर सांबऱ्याहून पाचच्या आतलं विमान घेऊच नका. तिकिटं दोन वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही बुडतात. पावसाळ्यात आणि थंडीतल्या धुक्यात तर मध्ये एक मुक्कामच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः बरोबर म्हातारी माणसं असतील तर.

गाडी आदल्या दिवशीच ठरवा. दोन राज्यांचा प्रवास आहे, त्यामुळे कर्नाटकात जायचं परमिट आहे का, भाड्यात टोल धरलाय का आणि परतीचं भाडं लावणार का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारून घ्या. कोगनोळी आणि हत्तरगी असे दोन टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हेही चालकाला विचारा.

उजळाईवाडीहून कोल्हापुरात शिरायची गरज नाही, महामार्ग शेजारीच आहे. कागल, निपाणी, संकेश्वर, मग काकतीवरून बेळगाव. तिथून बागलकोट रस्त्याला लागलं की सांबरा. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत पाळी सुटायची वेळ टाळता आली तर बघा. उसाच्या हंगामात मात्र रात्रीचा प्रवास नकोच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. वेगातल्या गाडीतून तो अगदी जवळ आल्यावरच दिसतो. चालकाला घाई करायला लावू नका. तवंदी आणि वंटमुरीचे घाट लहान आहेत, पण पावसात तिथेही दमानेच.

निघायच्या दिवशी सकाळी सीमाभागाची बातमी जरूर वाचा. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन) आणि कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं हिवाळी अधिवेशन या काळात कोगनोळीला पोलीस बंदोबस्त असतो. वाद तापला की दोन्हीकडच्या एसटी सीमेवरच थांबतात. एसटीनेच जायचं असेल तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात चौकशी करून मगच निघा, आणि बेळगाव स्टँडपासून सांबऱ्यापर्यंत रिक्षाचा आणखी अर्धा तास धरा.

या मार्गांवर बऱ्याचदा एटीआरसारखी लहान विमानं असतात. डोक्यावरचा कप्पा छोटा असतो, म्हणून हातातली बॅग सात किलोच्या आत आणि मऊ कापडाची घ्या. औषधं, चार्जर, ओळखपत्र याच बॅगेत ठेवा. गुळाची ढेप आणि लोणचं चेक-इनच्या सामानात टाका. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे, तिथे फोटो काढू नका.

सगळ्यात शेवटी, दाराबाहेर पडताना विमानाची वेळ पुन्हा एकदा बघा. लहान विमानतळांवर ऐनवेळी फेरी रद्द झाली की दुसरं विमान कदाचित उद्याच असतं.