मेजर लीगपलीकडचे बेसबॉल कसे पाहावे

मेजर लीगचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, सामने पाहून बेसबॉलची गोडी लागलेल्या चाहत्याने आधी तिच्या खालच्या स्तरांवरील मायनर लीगकडे वळावे. 2021 च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या 30 क्लबांपैकी प्रत्येकाशी चार संघ संलग्न आहेत आणि हे 120 संघ ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए व सिंगल-ए अशा चार स्तरांवर खेळतात. एकच स्तर निवडायचा झाल्यास मी डबल-ए सुचवेन. ट्रिपल-एमध्ये मेजर लीगमधून खाली आलेले अनुभवी खेळाडू बरेच आढळतात, तर डबल-एमध्ये वर जाण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणांचा खरा कस लागतो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, असे वेळापत्रक साधारणपणे असते. त्यामुळे आवडीच्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पाळी कधी आहे हे पाहूनच तिकीट काढावे, मात्र खेळाडूंची बढती रातोरात होत असल्याने सामन्याच्या दिवशी संघाची यादी पुन्हा तपासावी.

तिकिटे तुलनेने स्वस्त असल्यामुळे होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागची जागा घेणे सहसा परवडते, आणि तेथून चेंडूपेक्षा कॅचरकडे (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याकडे) पाहणे अधिक फायद्याचे ठरते. पिचरने चेंडू सोडण्यापूर्वी कॅचर ग्लव्ह कोठे धरतो, चेंडू प्रत्यक्षात तेथून किती दूर येतो आणि काठावरचा चेंडू झेलताना मनगट हळूच आत वळवून तो पंचाला स्ट्राइक (फलंदाजाच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू) कसा भासवतो, हे दूरचित्रवाणीवर क्वचितच इतके स्पष्ट दिसते.

येथे गुणपत्रक स्वतः भरण्याची सवय लावून घ्यावी, कारण मैदानावरची नावे अनोळखी असली की लक्ष भरकटते आणि पेन्सिल ते जागेवर आणते. पिचर 1, कॅचर 2, पहिला, दुसरा व तिसरा बेस अनुक्रमे 3, 4 व 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला खेळाडू) 6 आणि आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या बाहेरच्या भागात) डावीकडून उजवीकडे 7, 8, 9 असे क्षेत्ररक्षकांचे क्रमांक असतात. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसच्या खेळाडूकडे आणि त्याने तो पहिल्या बेसकडे फेकून दोघांना बाद केले, तर 6-4-3 एवढेच लिहायचे. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यासाठी के, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅटच न फिरवणाऱ्यासाठी उलटा के काढतात.

उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड लीग चुकवू नये. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दहा संघांतून देशभरचे निवडक महाविद्यालयीन खेळाडू येथे खेळतात, तिकीट नसते, स्वेच्छेने देणगी द्यायची असते. महाविद्यालयीन सामन्यांत धातूची बॅट चालते, येथे मात्र लाकडीच. अंगाजवळ आलेला वेगवान चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला, तर धातूच्या बॅटने तो कित्येकदा इनफिल्डवरून (बेसांभोवतीच्या आतल्या भागावरून) पार जातो, पण लाकडी बॅट तेथेच मोडू शकते. फलंदाजाचा खरा वकूब त्यामुळे उघडा पडतो, म्हणूनच मेजर लीगचे निवडकर्ते वेगमापक यंत्रे घेऊन येथे हजर असतात. ते यंत्र कोणासाठी उचलतात यावर नजर ठेवली, तरी भावी खेळाडूंचा अंदाज येतो. धातूच्या बॅटचा खेळही रंगतदार असतोच. त्यासाठी जूनमध्ये ओमाहा येथे, 1950 पासून तेथेच भरणारी कॉलेज वर्ल्ड सीरिज पाहावी.

नियमांतील प्रयोगांची हौस असल्यास स्वतंत्र लीगकडे, म्हणजे ज्यांचे संघ मेजर लीगच्या क्लबांशी संलग्न नसतात अशा लीगकडे, लक्ष द्यावे. स्ट्राइकचा निर्णय यंत्राच्या मदतीने देण्याची पद्धत अटलांटिक लीगने 2019 मध्येच वापरून पाहिली होती, तर पायोनियर लीगमध्ये बरोबरीचा सामना होम रन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार जाणारा फटका) मारण्याच्या स्पर्धेने निकाली काढतात. हा प्रकार मला फारसा रुचत नाही, पण मैदानात तो लोकप्रिय आहे.

अमेरिकेबाहेरचे एकच काही पाहायचे असेल, तर जपानमधील ऑगस्टची कोशिएन शालेय स्पर्धा पाहावी. 49 शाळांच्या या स्पर्धेत एक पराभव म्हणजे घरचा रस्ता, त्यामुळे एका धावेसाठी स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याचा फटका) येथे वारंवार दिसतो. पुढे हिवाळ्यात डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, प्वेर्तो रिको आणि मेक्सिको येथील लीग सुरू असतात, आणि त्यांचे विजेते साधारणतः फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅरिबियन सीरिजमध्ये भिडतात, त्यामुळे मेजर लीगची सराव शिबिरे उघडेपर्यंत पाहण्यासारखे काही ना काही मिळत राहते.