फ्रीहँड थ्रीडी सोनोग्राफीचं कॅलिब्रेशन शिकताना

या कामात नव्याने येणारी मुलं गणिताला घाबरतात. माझ्या मते जास्त काळजी पाण्याची करावी.

सोनोग्राफीच्या साध्या प्रोबवर (अंगावर फिरवायच्या दांड्यावर) ट्रॅकरचा, म्हणजे जागा आणि दिशा टिपणाऱ्या यंत्राचा, सेन्सर बसवून थ्रीडी चित्र उभं करायचं, तर चित्रातला प्रत्येक बिंदू त्या सेन्सरपासून नेमका कुठे पडतो हे कळायला हवं. त्यासाठी आठ आकडे लागतात: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे आणि चित्राच्या दोन दिशांचे स्केल. पाण्याच्या टाकीत ‘एन’ आकारात ताणलेल्या दोऱ्यांचा फँटम (मापं माहीत असलेला चाचणीचा साचा) ठेवून प्रोब फिरवला, की सॉफ्टवेअर गणित सोडवतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचं ‘प्लस’ मोफत मिळतं, सुरुवात त्यावर करा.

आता पाणी. आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असं मशीन धरून चालतं. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सुमारे १४८२ असतो. त्यामुळे १०० मिमी खोलीवरची दोरी पडद्यावर १०४ मिमीवर दिसते. त्याच पाण्यात स्केलही काढलात, तर ही चूक स्केलमध्येच मुरते. टाकीत सगळं सुरेख जुळतं आणि शरीरावर खोलीचं माप चार टक्क्यांनी चुकतं! मला या विषयाची गोडी लागली ती इथेच. म्हणून टाकीत थर्मामीटर कायम असू द्या, प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा आणि त्या तापमानाच्या वेगाने दुरुस्ती करा.

सॉफ्टवेअरने दाखवलेली शिल्लक चूक कमी आली म्हणून हुरळून जाऊ नका. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेला एक बिंदू घ्या आणि तो वेगवेगळ्या बाजूंनी, प्रोब तिरपा करून पाहा. कोन एका अंशाने चुकला, तरी १०० मिमीवर पावणेदोन मिमीचा फरक पडतो. प्रोब सरळच धरून घेतलेल्या मापांत हा फरक लपून राहतो.

वेळेचंही तसंच. ट्रॅकर आणि चित्र यांत ०.१ सेकंदाचं अंतर असेल आणि हात सेकंदाला ५० मिमी सरकत असेल, तर ५ मिमी गेलेच. टाकीच्या तळावर प्रोब वरखाली हलवून ट्रॅकरने टिपलेल्या हालचालीचा आणि चित्रात सरकणाऱ्या तळाचा असे दोन्ही आलेख जुळवले, की हे अंतर सापडतं.

भारतात काम करणार असाल, तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली तुमच्या प्रयोगशाळेच्या मशीनची नोंदणी आहे का, हे पहिल्याच दिवशी मार्गदर्शकांना विचारा. आणि सेन्सर काढून पुन्हा बसवला, की जुने आकडे बाद. कॅलिब्रेशन नव्याने करायचं.